पोरगं ‘हो साहेब’ म्हणतं तेव्हा: गर्भातल्या दारूचा पुरावा आणि फौजदारी कोर्ट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी बीड जिल्ह्यातल्या कोर्टांत आरोपींच्या बाजूने काम करतो. कोर्टाबाहेर लिंबाखाली बसलेली आई, मामा, कधी एखादे गुरुजी जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सगळ्यांसाठी आहेत, पण तुमच्या केसचा सल्ला तुमच्या वकिलाकडूनच घ्या. कलमं नव्या कायद्यांची, म्हणजे भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम यांची दिली आहेत. हे कायदे 1 जुलै 2024 पासून लागू झाले, त्यामुळे गुन्हा त्याआधीचा असेल तर जुनी भारतीय दंड संहिता पाहावी लागते.

गर्भात दारू पोचल्याने होणारा हा आजार म्हणजे नेमकं काय?

आईने गरोदरपणी दारू घेतली तर ती नाळेतून बाळापर्यंत जाते आणि मेंदूच्या घडणीवर परिणाम करू शकते. फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमोइन यांनी 1968 साली अशी मुलं नोंदवली. 1973 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव दिलं. पुढे लक्षात आलं की पूर्ण सिंड्रोम थोड्यांनाच होतो, कमीअधिक परिणाम बऱ्याच जणांवर दिसतो. म्हणून आता सगळ्यांना मिळून फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, थोडक्यात एफएएसडी, म्हणतात. गरोदरपणी किती दारू चालते याची सुरक्षित मर्यादा वैद्यकशास्त्राला सापडलेली नाही. झालेली इजा औषधाने भरून येत नाही. शिकवणीने आणि आधाराने जगणं सुधारतं.

कोर्टाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे या माणसांना परिणामांचा अंदाज येत नाही, एका चुकीवरून दुसरी टाळता येत नाही, वेळेचं आणि पैशाचं गणित जमत नाही. समोरचा म्हणेल त्याला ती मान डोलावतात. बोलणं मात्र चुरुचुरु असतं, आणि तिथेच सगळे फसतात.

चेहऱ्यावरून ओळखू येतं ना?

बहुतेकांचं येत नाही. नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली खाच सपाट, वरचा ओठ पातळ, डोळ्यांची फट आखूड अशी तीन चिन्हं पुस्तकात असतात. पण ती गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या थोड्या दिवसांत दारू पोचली तरच उमटतात. त्यानंतर पोचलेली दारू चेहऱ्याला हात न लावता मेंदूवर परिणाम करून जाते. त्यामुळे ‘दिसायला तर नॉर्मल आहे’ हे वाक्य पोलीस ठाण्यात, शाळेत आणि कोर्टात सारखंच निरुपयोगी. रक्ताची एखादी तपासणी करून निदान होत नाही. एमआरआयसुद्धा अनेकदा साफ येतो.

साहेब, हे सिद्ध झालं तर लेकरू सुटंल का?

खरं सांगायचं तर क्वचितच. पुष्कळ घरं याच आशेवर पैसे घालतात, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये, म्हणजे जुन्या 84 मध्ये, मनोविकलतेचा बचाव आहे. पण तिथली कसोटी डॉक्टरची नाही. कृत्य करताना आपण काय करतोय हे कळण्याची, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळण्याची क्षमताच त्या क्षणी नव्हती, असं दाखवावं लागतं. एफएएसडी असलेल्या पोराला ‘चोरी वाईट असते का?’ असं विचारलं तर तो लगेच हो म्हणेल. त्याला नियम पाठ असतो, पण ऐन वेळी तो आठवून हात आवरणं जमत नाही. कलम 22 न कळणाऱ्याला वाचवतं. हात न आवरणाऱ्यासाठी त्यात जागा नाही. माझ्या मते कायद्यातली ही फट मोठी आहे, पण माझ्या मतावर कुणी सुटत नाही.

तरी दार पूर्ण बंद नाही. अपवादात बसतो हे सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 108 प्रमाणे आरोपीवर असतो. पण तो सरकार पक्षाइतका जड नसतो. दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या 1964 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिवाणी दाव्यासारखी शक्यता दाखवली तरी पुरे. आणि अपवाद सिद्ध झाला नाही, तरी त्याच पुराव्यामुळे आरोपीच्या हेतूबद्दल वाजवी शंका आली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो. खून की सदोष मनुष्यवध, ठरवून केलं की भडकून झालं, असे प्रश्न असतात तेव्हा ही दुसरी वाट उपयोगी पडते.

पोरगा स्वतः पिऊन होता हा वेगळा विषय. त्याला न्याय संहितेची कलमं 23 आणि 24 लागतात, आणि स्वखुशीने प्यालेल्याला ती फारशी मदत करत नाहीत. दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की न्यायाधीशांच्या डोक्यात ‘सगळं दारूचंच’ असा गोळा होतो, म्हणून त्या सुट्या ठेवाव्यात.

पोलिसांसमोर त्यानं सगळं कबूल केलं म्हणे. आता काय उरलं?

बरंच उरलं. या पुराव्याचा खरा जोर इथेच आहे.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये 1992 साली एका महिलेचा बलात्कार करून खून झाला. पुढच्या वर्षी टीना पोरा नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी दुसऱ्याच कारणासाठी पकडलं होतं. या खुनाच्या माहितीसाठी 20,000 डॉलरचं बक्षीस जाहीर झालेलं होतं. पोरा बोलत गेला, बोलता बोलता स्वतःला गुन्ह्यात ओढत गेला. त्याला खून झालेलं घर दाखवता आलं नाही. त्याच्या सांगण्यात जागोजागी विसंगती होत्या. तरी 1994 मध्ये त्याला शिक्षा झाली, 2000 मध्ये खटला पुन्हा चालला आणि पुन्हा शिक्षा झाली. एफएएसडीचं निदान झालं तोवर त्याची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली होती. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरच्या अपिली कोर्टाने 3 मार्च 2015 रोजी दोषसिद्धी रद्द केली. कारण असं दिलं की परस्परविरोधी, न पटणाऱ्या कबुल्या आणि हे निदान एकत्र वाचलं तर त्या कबुल्यांवर विसंबणं म्हणजे न्याय चुकण्याचा धोका.

या निकालात वकिलांसाठी आणखी एक गोष्ट आहे. कबुली भरवशाची नाही असा निष्कर्ष स्वतः काढणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला कौन्सिलने मर्यादा दाखवली. अशा मेंदूचा माणूस गाळलेल्या जागा कल्पनेने कशा भरतो, दबावाखाली होकार का देतो, हे तज्ज्ञाने सांगावं. कबुलीवर विश्वास ठेवायचा की नाही हे कोर्ट ठरवेल. आपल्या साक्ष अधिनियमाच्या कलम 39 खालीही तज्ज्ञाचं मत हे मतच असतं. डॉक्टरसाहेबांना साक्षीआधी हे जरूर सांगा, नाहीतर चांगला अहवाल एका जादा वाक्याने पडतो.

आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मुळे पुराव्यात येतच नाही. येतो तो मेमोरँडम पंचनामा. आरोपीने सांगितलं आणि वस्तू निघाली, तर तेवढा भाग चालतो. इथे बारकाईने पाहा. जागा आधी कुणाला माहीत होती? पोराने जागा सांगितली, की ‘विहिरीजवळ टाकलास ना?’ला ‘हो साहेब’ म्हणाला? पंचांची उलटतपासणी याच धाग्यावर घ्यावी लागते.

मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली होतो. कबुली देणं बंधनकारक नाही आणि ती विरोधात वापरली जाऊ शकते, हे आधी समजावून सांगावं लागतं. समजलं का, तर ‘हो साहेब’. म्हणून मी कोर्टाला विनंती करतो की आरोपीला ते त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. एका पोराने सांगितलं होतं, “खरं बोललं की घरी सोडत्यात.” त्याला समजलं होतं ते एवढंच.

खटला काय चाललाय हेच त्याला कळत नाही. तरी खटला चालतो?

न्यायाधीशांच्या लक्षात आणून द्यावं लागतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 आणि 368 खाली कोर्ट आरोपीला सरकारी रुग्णालयातल्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मनोविकारतज्ज्ञाकडे वा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवू शकतं. बौद्धिक अक्षमतेमुळे तो बचाव करू शकत नाही असं ठरलं, तर खटला न चालवता त्याची व्यवस्था पुढच्या कलमांप्रमाणे करावी लागते. अडचण अशी की एफएएसडीच्या अनेक पोरांचा बुद्ध्यांक ऐंशी-नव्वद येतो आणि ‘बौद्धिक अक्षमता’ या शब्दात ती बसत नाहीत. अशा वेळी अर्ज करून कामकाजात मधे मधे छोटे थांबे, सोपी मराठी आणि एका वेळी एकच प्रश्न मागावा. अपंग हक्क कायदा 2016 चं कलम 12 न्यायापर्यंत पोचण्याच्या हक्काचंच आहे, ते अर्जात लिहा. आरोपीचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 351 खालचा जबाब, ज्यात न्यायाधीश स्वतः प्रश्न विचारतात, तो तर शंभर प्रश्नांचा छापील कागद असतो. त्यावर सगळीकडे ‘खोटं आहे’ किंवा सगळीकडे ‘खरं आहे’ असं उमटलं तर समजा की त्याने ऐकलंच नाही.

वय वीस, पण अक्कल नऊ वर्षांच्या पोराएवढी. बालन्यायालयात जाईल का?

नाही. पीडितेच्या बाबतीत हाच प्रश्न ईरा विरुद्ध दिल्ली राज्य या 2017 च्या खटल्यात आला होता. पोक्सो कायद्यातलं वय म्हणजे जन्माने मोजलेलं वय, मानसिक वय नव्हे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. बालन्याय कायद्यातही जन्मतारीखच मोजली जाते.

पण जन्मतारीखच चुकीची असेल तर? आमच्याकडे ऊसतोडीला गेलेल्या बाईचं बाळंतपण फडावर किंवा कोपीत झालेलं असतं, आणि शाळेत नाव घालताना गुरुजी 1 जून लिहून मोकळे होतात. बालन्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये आधी शाळेचा दाखला, मग नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची नोंद आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी, असा क्रम आहे. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कलम 9 प्रमाणे कधीही, शिक्षेनंतरसुद्धा, काढता येतो.

सोळा ते अठरामधला मुलगा आणि सात वर्षांहून कमी शिक्षाच नसलेला गुन्हा असेल, तर कलम 15 ची प्राथमिक तपासणी होते. त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज पाहून त्याला प्रौढासारखं वागवायचं का हे बालन्याय मंडळ ठरवतं. बरुण चंद्र ठाकूर यांच्या 2022 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. एफएएसडीचे कागद लावायला याहून चांगली जागा आपल्या कायद्यात नाही. वकील मात्र इथे घाईत असतात आणि तपासणी पंधरा मिनिटांत उरकते.

शिक्षा तरी कमी होईल ना?

होऊ शकते. ऑस्ट्रेलियात, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या अपिली कोर्टाने 2016 मध्ये एका मुलाची शिक्षा 10 वर्षांवरून 7 वर आणली, कारण एफएएसडीचं निदान शिक्षेनंतर झालं होतं. कॅनडात अल्बर्टाच्या अपिली कोर्टाने 2012 मध्ये सांगितलं की या विकाराने नैतिक दोष कमी होऊ शकतो, पण किती ते त्या माणसातल्या कमतरतेच्या पुराव्यावर ठरेल. नुसतं नाव सांगून भागत नाही, ही कमतरता आणि हा गुन्हा यांच्यात धागा दाखवावा लागतो.

आपल्याकडे फाशीच्या प्रश्नात बच्चन सिंग (1980) खटल्यापासून मानसिक दोषामुळे कृत्याचं गुन्हेगारी स्वरूप कळण्याची कुवत घटलेली असणं ही सौम्य करणारी बाब मानली जाते. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश (2022) नंतर आरोपीचं बालपण, कुटुंब आणि मानसिक तपासणीचे अहवाल कोर्टाने मागवायला हवेत. लहान गुन्ह्यांत प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा 1958 आहे. त्याच्या कलम 6 मध्ये एकवीस वर्षांखालच्यांना, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, शक्यतो तुरुंगात न पाठवण्याची सूचना आहे.

आता दुसरी धार. ‘हा मेंदू सुधारणार नाही’ असं आपणच सिद्ध केलं, की एखादे न्यायाधीश म्हणतील, मग बाहेर सोडायचा कसा? ही भीती खोटी नाही. म्हणून निदानासोबत घरची योजनाही द्यावी लागते. कोण बरोबर राहील, काम काय देणार, पैसे कुणाच्या हातात, दारूपासून लांब कसं ठेवणार. सांभाळण्याची तयारी असलेला एखादा मामा किंवा चुलता शपथेवर उभा राहिला, तर चार पानी अहवालाला वजन येतं.

आईनं दारू प्याली हे सिद्ध कसं करायचं? माझी बहीण कोर्टात असं बोलायची नाही.

इथे मी सगळ्यात जास्त अडकतो. चेहऱ्याची तिन्ही चिन्हं नसतील तर आईच्या पिण्याची खात्री झाल्याशिवाय डॉक्टर निदान लिहीत नाहीत. आणि आमच्या भागात बाईने ‘मी प्यायले’ असं भरकोर्टात म्हणणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय न राहणं.

दुसरीकडे सरकारी वकील म्हणणार, आमच्या बाया पितच नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या भारतीय स्त्रियांत पिणाऱ्या सुमारे 1 टक्का, पुरुषांत सुमारे 19 टक्के. आकडा छोटा आहे हे मान्य करावं. पण घरच्यांसमोर पाहणीवाल्याला कोणती बाई खरं सांगेल? शिवाय आमच्या पोराची आई त्या एक टक्क्यात होती एवढंच आम्हाला दाखवायचं आहे.

कागद शोधा. गरोदरपणीचं माता-बाल संरक्षण कार्ड, प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंद, आशाताईची वही, कावीळ किंवा पोटदुखीने दाखल झाल्याचे केसपेपर, नवरा-बायकोच्या भांडणाची जुनी पोलीस नोंद. हातभट्टी गाळायच्या कामावर बाई असेल तर दारूबंदी कायद्याखालची जुनी केससुद्धा. ज्या केसची घरच्यांना लाज वाटते ती इथे उपयोगी पडते. मग सुईण, शेजारीण, मुकादम. आई स्वतः तयार असेल तर बंद दाराआड साक्ष घ्यावी असा अर्ज करता येतो. परवानगी द्यायची की नाही हे कोर्टाच्या हातात. आणि तिला दोषी ठरवायला कुणी बसलेलं नाही, हे आधी घरात तिच्या सासूसमोर सांगा. मी दोनदा तसं केलंय. एकदा सासूनेच सांगितलं की मळणीच्या दिवसांत सगळ्याच घेत होत्या, दुखणं कळायचं नाही म्हणून.

अमेरिकेत रॉम्पिला नावाच्या फाशीच्या कैद्याच्या वकिलांनी त्याच्या जुन्या गुन्ह्याची फाइल उघडलीच नाही. ती त्याच कोर्टाच्या इमारतीत होती. त्या फाइलमध्ये मानसिक आजाराचे धागे होते, आणि नंतरच्या तपासण्यांत मेंदूची इजा निघाली, तिचं संभाव्य कारण फीटल अल्कोहोल सिंड्रोम. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फाशी उलटवली. फाइल उघडायला फी लागत नव्हती.

मग आईवरच केस होईल का?

नाही. गरोदरपणी दारू पिणं हा आपल्या न्याय संहितेत गुन्हा नाही. इंग्लंडच्या अपिली कोर्टानेही 2014 मध्ये सांगितलं की गर्भ हा दुसऱ्याला विष देण्याच्या गुन्ह्याच्या व्याख्येतली ‘दुसरी व्यक्ती’ नाही, म्हणून अतिमद्यपान करणाऱ्या आईने गुन्हा केला असं म्हणता येत नाही.

प्यायचा तर बाप. त्याचं काय?

बापाच्या पिण्यावरून हे निदान होत नाही. पण मार खाणारी, उपाशी आई आणि भीतीत वाढलेलं पोर ही परिस्थिती शिक्षेच्या वेळी सांगता येते. निदानात मात्र कालवू नका.

तपासणी कुठे करायची? आमच्या जिल्ह्यात होते का?

राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, म्हणजे एकही मराठवाड्यात नाही. आपल्याला मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग गाठावा लागतो. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेड. नुसता बुद्ध्यांक मागू नका. रोजच्या जगण्याची कुवत मोजणारी चाचणी मागा. त्यासाठी विनलंड सोशल मॅच्युरिटी स्केल सरकारी दवाखान्यातही वापरतात. लक्ष, स्मरण, आवर घालण्याची क्षमता यांचीही चाचणी लागते. पोराचा आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कधी कागद झाला असेल तर तो सोन्यासारखा, कारण तो गुन्ह्याआधीचा. अटकेनंतरच्या अहवालाला सरकारी वकील ‘केससाठी बनवलेला’ म्हणतातच.

सरकारी वकील उलटतपासणीत काय विचारतील?

तीन प्रश्न ठरलेले. ही कुपोषणाची, जन्मताना गुदमरल्याची, रक्तक्षयाची लक्षणं नाहीत का? डोळ्यांच्या मापांची कोष्टकं परदेशी मुलांची ना? आणि हा मोबाइल चालवतो, मोटारसायकल चालवतो, मग कुवत नाही कशी? पहिले दोन प्रश्न रास्त आहेत, डॉक्टरांनी बाकीची कारणं का वगळली ते लिहिलंच पाहिजे. तिसऱ्याला उत्तर शाळेचे गुरुजी देतात: मोटारसायकल चालवतो, पण पेट्रोल संपेल हे रोज विसरतो.

आमचं पोर आरोपी नाही, त्याच्यावरच अत्याचार झालाय.

मग हीच कमजोरी समोरचा वकील त्याला खोटं पाडायला वापरेल. मानसिक अक्षमता असलेल्या पीडिताचा जबाब कलम 183 खाली विशेष शिक्षकाच्या मदतीने आणि व्हिडिओवर घेण्याची तरतूद आहे. तो एकदाच नीट घ्या. दहा ठिकाणी विचारलं की दहा गोष्टी तयार होतात.

वकिलाला पैसे नाहीत.

कोठडीतला माणूस, स्त्री, बालक, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे या सगळ्यांना 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करा, किंवा जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा.

जामीन झाला. आता काय सांभाळायचं?

तारखा. या पोरांना ‘पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला’ हे कळत नाही. तारीख चुकली की अजामीनपात्र वॉरंट निघतं, आणि जामिनावर सुटून हजर न राहणं हा न्याय संहितेच्या कलम 269 चा वेगळा गुन्हा होतो. मग जो मुळात पळाला नाही तो कागदावर फरार होतो. जामिनाच्या अटीच सोप्या मागा: दर सोमवारी ठाण्यात हजेरी अशी एकच, वार ठरलेला. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखेला लाल गोल करा. आदल्या संध्याकाळी मामाने घरी येऊन मुक्काम करावा आणि सकाळी पहिल्या एसटीने दोघांनी निघावं. मामाला फडावर जायचं असेल, तर उचल घेण्याआधी दुसरा माणूस ठरवा आणि त्याचा नंबर वकिलाकडे लिहून द्या.